लांबचा रस्ता लवकर पोचवतो

१६ ऑक्टोबर २०१६, रविवार. पहाटे चारच्या सुमारास एअर इंडियाचं बोइंग ७७७ दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. त्याआधी जवळजवळ वर्षभर हे विमान पश्चिमेकडे वळून युरोपवरून, अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जात असे. त्या दिवशी ते पूर्वेकडे वळलं आणि बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान असं करत पॅसिफिकवर निघालं. जुना रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता, हा नवा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. म्हणजे मुंबई ते दिल्ली विमानाच्या अंतराहून जास्त असा वळसा पडला. आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या रस्त्यापेक्षा साधारण दोन तास आधी.

भागाकार करून पाहू. अटलांटिककडून सरासरी वेग ताशी ८४० किलोमीटरच्या आसपास पडतो, पॅसिफिककडून ताशी १,०५५. विमान तेच, इंजिनं तीच, वैमानिकाने कुठला जास्तीचा गिअर टाकलेला नाही. ताशी दोनशे किलोमीटर आले कुठून?

घड्याळाचीही एक गंमत सांगून टाकतो. त्या दिवसांत भारत सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेबारा तास पुढे होता. त्यामुळे साडेचौदा तास उडूनही भिंतीवरच्या घड्याळात प्रवासाला लागले जेमतेम दोन तास. रविवारी पहाटे निघालेले लोक रविवारी पहाटेच उतरले. मधल्या वेळात त्यांनी खिडकीतून रविवारचा सूर्योदय पाहिला, जपानच्या पलीकडे रविवारची संध्याकाळ पाहिली, मग अंधारात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून ते शनिवारच्या रात्रीत शिरले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागेपर्यंत दुसऱ्यांदा रविवार उजाडायला आला. एकाच तारखेच्या दोन पहाटा, त्याही एकाच तिकिटात!

पण त्याआधी प्रश्न आहे अंतराचा. इंटरनेटवर ‘दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर’ विचारलं तर उत्तर येतं सुमारे १२,४०० किलोमीटर. म्हणजे वरच्या दोन्ही आकड्यांपेक्षा कमी. हा तिसरा आकडा कुठला? घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, त्याचं एक टोक दिल्लीवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि ताणा. दोरा स्वतःच सर्वांत जवळची वाट शोधतो. भूमितीत तिला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. शाळेच्या सपाट नकाशाने मन भरलेलं असल्यामुळे आपल्याला वाटत असतं की अमेरिकेला जायचं म्हणजे एक तर डावीकडे जायचं नाहीतर उजवीकडे. दोरा यातलं काहीच करत नाही. तो वर जातो.

अगदी सरळ उत्तरेला म्हणा ना. दिल्लीहून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून जेमतेम सोळा-सतरा अंश पूर्वेला असते. शिमल्याच्या पूर्वेकडून तो हिमालय चढतो, लडाखच्या पूर्व टोकाजवळून पुढे सरकतो, तकलामकानचं वाळवंट आणि तिएनशान पर्वत पार करतो, आल्ताई पर्वतात रशियात शिरतो, सायबेरिया तिरका कापून लेना नदीच्या मुखाजवळ आर्क्टिक महासागराला भिडतो. तिथून आणखी वर, ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडं पलीकडे जाऊन मग तो खाली वळतो. अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, व्हँकुव्हर बेट आणि मग सॅन फ्रान्सिस्को. पॅसिफिकच्या उघड्या पाण्याशी त्याचा फार संबंध येत नाही, अटलांटिकशी तर अजिबातच नाही. दिल्लीहून कॅलिफोर्नियाला जाण्याची जवळची वाट ध्रुवीय अस्वलांच्या मुलखातून जाते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशांवर बरेच दिवस रुसून होतो.

मग विमानं नेमकी याच रेघेवरून का जात नाहीत? पहिला अडथळा सुरुवातीलाच येतो. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. प्रवासी विमान दहा-अकरा हजार मीटरवरून जातं, त्यामुळे धडक बसण्याची भीती नसते. भीती असते ती विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर काय, याची. अशा वेळी डोक्यावरून मास्क खाली पडतात खरे, पण त्यांतला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात विमानाला तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. आता खाली जमीनच साडेचार हजार मीटरवर असेल, आणि तीही शेकडो किलोमीटर पसरलेली, तर खाली यायचं कुठे? म्हणून बहुतेक विमानं हे पठार बाजूला टाकून जातात. एका वाक्यात सांगायचं तर दोऱ्याला श्वास घ्यावा लागत नाही, प्रवाशांना लागतो.

आणि तरी हिमालय ओलांडायची सोय झाली असती, उत्तरेची थंडी सोसायचीही सवय वैमानिकांनी केली असती (केलीच आहे, त्याबद्दल पुढे), पण सर्वांत मोठं कारण नकाशावर काढलेलंच नसतं. ते कारण म्हणजे वारा.

विमानाचा वेग असं आपण सहज म्हणतो, पण विमानाला दोन वेग असतात. एक हवेतला, दुसरा जमिनीवरचा. वाहत्या नदीतली होडी वल्ह्यांच्या जोरावर पाणी कापते, पण काठावरून पाहणाऱ्याला तिचा वेग प्रवाहासकट दिसतो. विमानाचंही तसंच आहे. मोठी विमानं आसपासच्या हवेतून ताशी नऊशे किलोमीटरच्या जवळपास वेगाने जातात. ती हवाच जर पूर्वेकडे ताशी दीडशे किलोमीटरने धावत असेल, तर पूर्वेला जाणाऱ्या विमानाला जमिनीवर हजारावर वेग मिळतो आणि पश्चिमेला जाणाऱ्याच्या खिशातून तेवढाच कापला जातो. ८ आणि ९ फेब्रुवारी २०२०च्या मधल्या रात्री, ‘सियारा’ वादळाच्या दिवसांत, ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. वाटेत जमिनीवरचा त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हा आकडा आवाजाच्या वेगाहून मोठा, पण विमानाने ध्वनीची भिंत ओलांडलेली नव्हती. आसपासच्या हवेच्या दृष्टीने ते नेहमीच्याच चालीने चाललं होतं. प्रवाशांना कळलंही नसेल.

इथे एक लोकप्रिय स्पष्टीकरण बाजूला सारलं पाहिजे, कारण २०१६च्या त्या उड्डाणानंतरही ते बऱ्याच ठिकाणी छापून आलं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे विमानाला फायदा किंवा तोटा होतो, असं ते स्पष्टीकरण. ऐकायला पटतं, पण पृथ्वी विमानाखालून सरकत नाही. तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच फिरत असते. तसं नसतं तर पुण्यात हेलिकॉप्टर वर उडवून चार मिनिटं एका जागी तरंगत ठेवलं की खाली अलिबाग यायला हवं होतं.

तरीही या चुकीच्या स्पष्टीकरणाच्या पोटात एक खरं बीज आहे. विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे ताशी १,६७० किलोमीटरने फिरते. तिथली हवाही तेवढ्याच वेगाने. ती तापते, दहा-पंधरा किलोमीटर उंच चढते आणि वरच्या वर उत्तरेकडे व दक्षिणेकडे पसरते. जाताना आपला पूर्वेकडचा वेग ती बरोबर घेऊन जाते. पण उत्तरेला ३० अंशांवर, म्हणजे साधारण दिल्लीच्या अक्षांशावर, जमीन फिरते ताशी १,४५० किलोमीटरच्या आसपास. हवा जमिनीच्या पुढे पळू लागते. शिवाय ती पृथ्वीच्या आसाच्या जवळ आलेली असते, त्यामुळे तिचा फिरण्याचा वेग आणखी वाढायला हवा. भोवरे आणि वादळं यांतला बराच वेग वाटेतच खाऊन टाकतात. उरतो तोही इतका असतो की हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी दोनशे किलोमीटरचा वारा वाहणं ही नवलाची गोष्ट राहत नाही. हाच जेट प्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती वेढे घालत पूर्वेकडे धावणारी हवेची नदी. ती काही शे किलोमीटर रुंद आणि दोन-चार किलोमीटर जाड असते. हिवाळ्यात तिचा सर्वांत जोरकस पट्टा जपानवर असतो, कारण आशियाची गारठलेली भूमी आणि पॅसिफिकचं उबदार पाणी तिथे शेजारी शेजारी येतात. २०१६ साली आपल्या विमानाने वळसा घातला तो थेट याच पट्ट्याकडे.

ही नदी सापडल्याची कथा मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. वासाबुरो ओईशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख होते. १९२०च्या दशकात ते तिथून फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. हिवाळ्यात त्यांना दिसलं की नऊ किलोमीटरच्या आसपास पोचलेला फुगा वेडापिसा होऊन पूर्वेकडे पळतो. वेग मोजला तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात. त्या काळात इतका वेगवान वारा वर सतत वाहतो याची जगाला कल्पनाच नव्हती. ओईशींनी १९२६ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि तो जगभरच्या शास्त्रज्ञांना वाचता यावा म्हणून एस्परांतो भाषेत लिहिला. एस्परांतो ही कुठल्याच देशाची नसलेली, साऱ्या जगाने वापरावी म्हणून १८८७ मध्ये रचलेली भाषा. ओईशी तिचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. जगाच्या भाषेत लिहिलेला तो अहवाल जगाने वाचलाच नाही.

त्याची किंमत पुढे युद्धात मोजावी लागली. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेची बी-२९ विमानं सायपान बेटावरून उडून टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला गेली आणि अनपेक्षित वाऱ्यात सापडली. वाऱ्याने त्यांना इतक्या जोरात पुढे ढकललं की नेम धरणंच अवघड झालं. बॉम्ब भलतीकडे पडले. पुढच्या मोहिमांतही हाच अनुभव आला. आणि नेमक्या त्याच महिन्यात जपानने त्याच वाऱ्यावर स्वार होऊन उलटा डाव टाकला. तुतीच्या सालीच्या कागदाचे मोठे फुगे, खाली लटकवलेले बॉम्ब. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात असे नऊ हजारांच्या वर फुगे जपानच्या किनाऱ्यावरून सोडले गेले. वाऱ्याने ते दोन-तीन दिवसांत पॅसिफिक पार करून नेले. शेकडो फुगे अमेरिकेत आणि कॅनडात उतरले. ५ मे १९४५ रोजी ओरेगन राज्यात ब्लाय गावाजवळच्या जंगलात सहलीला आलेली एक गरोदर स्त्री आणि पाच मुलं अशाच एका बॉम्बच्या स्फोटात मेली. ज्या वाटेने आज मराठी आजी-आजोबा नातवंडांना भेटायला सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात जातात, त्याच वाटेवरून एकेकाळी या कागदी फुग्यांनी पॅसिफिक ओलांडला होता.

शांततेच्या काळात या वाऱ्याचा उपयोग करायला मात्र फार वेळ लागला नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन ॲम कंपनीचं विमान टोकियोहून होनोलुलूला मुद्दाम जेट प्रवाहात शिरून गेलं आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही परदेशी वाऱ्यांची गोष्ट आहे. तसं मुळीच नाही. हिवाळ्यात याच नदीचा एक फाटा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून वाहतो. काश्मीरचा बर्फ आणि पंजाबचा हिवाळी पाऊस आणणारे पश्चिमी विक्षोभ त्याच्याच बरोबर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारा पडल्या की हवामान खात्याच्या निवेदनात हाच शब्द वारंवार ऐकू येतो. मे-जूनमध्ये तिबेटचं पठार तापतं आणि हा प्रवाह उचलून हिमालयाच्या पलीकडे, उत्तरेला जातो. त्याच्या जाण्याचा आणि आपल्याकडे मॉन्सून स्थिरावण्याचा जवळचा संबंध आहे. त्याची जागा भारतीय द्वीपकल्पावर एक उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उंच प्रवाह घेतो. त्याचं सविस्तर वर्णन १९५८ साली भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी केलं. आपल्या डोक्यावरच्या आकाशात वर्षातून एकदा नदीच पात्र बदलते, आणि आपण मात्र ढगांकडे पाहून पावसाचा अंदाज बांधत असतो.

आता उत्तरेकडे परत जाऊ. दोऱ्याच्या वाटेच्या जवळून जाणारी उड्डाणं होतच नाहीत असं नाही. शीतयुद्ध सरल्यावर रशियाने आपलं आकाश मोकळं केलं आणि २००१ मध्ये ध्रुवापलीकडून जाणारे मार्ग रीतसर सुरू झाले. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणलं. या प्रदेशात काळज्या वेगळ्याच असतात. बाहेरचं तापमान उणे ६५ अंशांच्या खालीही जाऊ शकतं आणि विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं. त्यामुळे पंखांतल्या टाक्यांमधल्या इंधनाचं तापमान वैमानिक डोळ्यांत तेल घालून पाहतात. ते फार उतरलं तर थोडं खाली येतात किंवा वेग वाढवतात, कारण वेगाने हवेशी घासून पंख किंचित ऊबदार होतात. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र बिनकामाचं होतं. आणि इंजिन बिघडलं तर उतरायला विमानतळ कुठे आहे, हा प्रश्न क्षणोक्षणी सोबत असतो.

तो प्रश्न किती खरा आहे ते ६ जून २०२३ला दिसलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्व किनाऱ्यावरच्या मगदान शहरात उतरलं. आत २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. विमान सुखरूप उतरलं, पण दुसरं विमान मुंबईहून तिथे पोचेपर्यंत लोकांना मगदानमध्येच राहावं लागलं. स्टॅलिनच्या काळात श्रमछावण्यांचं दार म्हणून कुप्रसिद्ध असलेलं हे गाव. पृथ्वीगोलावर दोरा ताणताना वाटेतल्या कुठल्या गावात मुक्काम करावा लागेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

शिवाय आकाशाला मालक असतात. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एअर इंडियाला खुलं राहिलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या वाटा एका रात्रीत लांबल्या. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागू लागलं. जमिनीवर काहीही हललं नव्हतं. दिल्ली होती तिथेच होती आणि सॅन फ्रान्सिस्कोही.

लांबचा रस्ता मुद्दाम निवडण्याचा कळस २००५ सालच्या नोव्हेंबरात झाला. बोइंगने आपलं ७७७-२००एलआर हे नवं विमान हाँगकाँगहून लंडनला नेलं. ही दोन शहरं दोरा ताणला तर साडेनऊ-दहा हजार किलोमीटरवर आहेत. बोइंगला मात्र विक्रम करायचा होता. विमान पूर्वेकडे निघालं, पॅसिफिक ओलांडला, अमेरिका ओलांडली, अटलांटिक ओलांडला आणि २१,६०२ किलोमीटर न थांबता उडून २२ तास ४२ मिनिटांनी लंडनला उतरलं. सगळी वाट वाऱ्याच्या दिशेने. आज सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये उडणाऱ्या जगातल्या सर्वांत लांब विनाथांबा नियमित सेवेतही अशीच युक्ती दिसते. सिंगापूरहून निघालेलं विमान पॅसिफिकवरून पूर्वेला जातं, आणि परतताना बऱ्याचदा अटलांटिककडून, म्हणजे पुन्हा पूर्वेलाच. जाऊन येईपर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा होते आणि प्रवाशांपैकी कितीकांना ती झाल्याचं कळतही नाही.

हे सगळं प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने ठरतं. विमान निघण्याच्या काही तास आधी कंपनीच्या जमिनीवरच्या कार्यालयात डिस्पॅचर वाऱ्यांचा ताजा अंदाज घेतो, बंद आकाशं आणि अडीअडचणीचे विमानतळ नकाशावर टाकतो, संगणकाकडून अनेक वाटा तपासून घेतो आणि त्यातली एक वैमानिकाच्या हाती देतो. इंधन त्या वाटेप्रमाणे भरलं जातं. उद्या त्याच क्रमांकाचं, त्याच दोन शहरांमधलं विमान आजच्यापेक्षा कितीतरी वेगळ्या वाटेने जाऊ शकतं, आणि तिकिटावरची वेळ तीच छापलेली असते.